मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणानंतर भावाचं हिमोग्लोबिन पुन्हा उतरतंय (नाशिक)

इंदिरानगरची

नमस्कार. प्रश्न माझ्या मोठ्या भावाबद्दल आहे. वय ३८, पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग. फेब्रुवारीत मुंबईत त्याचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी आईने दिली. दोघांचीही तब्येत नंतर चांगली सावरली.

डायलिसिसवर असताना एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं घेऊनही त्याचं हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असायचं. नवी किडनी हे संप्रेरक स्वतःच तयार करते, त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत रक्त भरून येईल असं आम्हाला सांगितलं होतं. तसं झालंही. मे महिन्यात १२.६ होतं. त्यानंतर उतरण सुरू झाली: ११.४, मग १०.२, आणि आता ८.९. क्रिएटिनिन मात्र १.३ वर स्थिर आहे. किडनी नीट चालतेय तर रक्त का कमी होतंय?

बाकीचे रिपोर्ट असे: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ४१०, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर किती लोह आहे ते) २४ टक्के, बी-१२ ठीक, पांढऱ्या पेशी ३,६००, प्लेटलेट ठीक. औषधं: किडनी नाकारली जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड), संसर्ग टाळायला सेप्ट्रान, ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल. बीपीसाठी टेल्मिसार्टन जूनमध्ये सुरू झालं.

दम लागतो, जिना चढून आला की खुर्चीत बसून राहतो. गोडी छाटणी तोंडावर आलीय आणि तो बागेत जायचा हट्ट धरतोय. आईने मनात घेतलंय की तिचीच किडनी कमी पडतेय. तिला काय सांगावं ते सुचत नाही.

इथल्या एका डॉक्टरांनी एक बाटली रक्त चढवून घ्या म्हटलं. मुंबईच्या टीमने फोनवर सांगितलं, आम्हाला विचारल्याशिवाय रक्त चढवू नका, पण पुढची तारीख अजून लांब आहे. तोवर कोणत्या तपासण्या इथे करून घेता येतील? असा अनुभव कुणाला आलाय का? नातेवाईक बीट, खजूर, गूळ, आळिवाचे लाडू घेऊन येताहेत, त्यातलं काय द्यावं?

पंचवटीकर

ताई, काळजी करू नका. आमच्या ओळखीत एकांना गुळवेल आणि पुनर्नव्याच्या काढ्याने फार फरक पडला होता. सोबत रोज एक वाटी बीट. रक्त वाढतंच.

सातपूरची वहिनी

काका, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं, पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाला गुळवेल देऊ नका. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवणारी म्हणून घेतात, आणि इथे तीच दाबून ठेवायची असते, नाहीतर शरीर नवी किडनी नाकारतं. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

ताई, माझ्या मिस्टरांचं प्रत्यारोपण काही वर्षांपूर्वी झालं. त्यांचंही असंच झालं होतं, किडनी उत्तम आणि हिमोग्लोबिन थेट ६ वर. सगळे लोहाच्या मागे लागले होते. शेवटी रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या लाल पेशींची मोजणी) केला तेव्हा कळलं की नवीन लाल पेशी जवळजवळ तयारच होत नाहीयेत. कारण निघालं पार्वोव्हायरस, लाल पेशी बनणं थांबवणारा विषाणू. तुमच्या यादीत रेटिक दिसत नाही. उद्याच करून घ्या, साधी आणि स्वस्त तपासणी आहे.

फिजिशियन, नाशिकरोड

वहिनींचं बरोबर आहे, सुरुवात रेटिकपासूनच करा. जरा सविस्तर लिहितो, कारण या रुग्णांत पांडुरोगाची कारणं बहुधा एकापेक्षा जास्त असतात आणि सगळ्यांचा दोष लोहावर टाकला जातो.

लोहाचं आधी. फेरिटिन सूज किंवा संसर्गातही वाढतं, म्हणून एकट्या फेरिटिनवर विश्वास ठेवत नाही. पण सॅच्युरेशन २४ टक्के आहे, म्हणजे लोहाची मोठी कमतरता दिसत नाही. पँटोप्राझोल दीर्घकाळ चालू असेल तर लोह नीट शोषलं जात नाही, हे मात्र लक्षात असू द्या. स्टिरॉइड चालू असल्याने शौचातून छुपा रक्तस्राव होतोय का, तेही एकदा तपासा.

आता औषधं. मायकोफेनोलेट अस्थिमज्जेला, म्हणजे रक्तपेशी जिथे बनतात तिला, दाबतं. पांढऱ्या पेशीही कमी दिसताहेत, त्यामुळे त्यावर संशय घेणं रास्त आहे. सेप्ट्रानही मज्जेवर परिणाम करू शकतं. टेल्मिसार्टनसारखी औषधं हिमोग्लोबिन थोडं खाली आणतात. प्रत्यारोपणानंतर काही जणांचं रक्त उलट गरजेपेक्षा जास्त वाढतं, तेव्हा हीच औषधं मुद्दाम देतात. तुमच्याकडे उतरण आणि टेल्मिसार्टन साधारण एकाच सुमारास आलंय, हे टीमला सांगा. पण एवढ्याने १२.६ चं ८.९ होणं मला पटत नाही. आणि कृपा करून यातलं एकही औषध स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. मायकोफेनोलेट मनाने सोडलं तर किडनी जाऊ शकते.

रेटिक अगदी कमी आला तर पार्वोव्हायरस बी१९ ची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) करा. अँटिबॉडीच्या तपासणीवर थांबू नका. या रुग्णांची प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी अनेकदा पुरेशा बनत नाहीत आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सोबत सीएमव्ही या दुसऱ्या विषाणूची पीसीआर आणि टॅक्रोलिमसची पातळी. पातळीचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. रेटिक जास्त आला तर प्रश्न वेगळा: पेशी बनताहेत पण फुटताहेत. मग ते पडताळायला एलडीएच, हॅप्टोग्लोबिन आणि रक्ताचा स्मिअर या तपासण्या.

रक्त चढवण्याबद्दल मुंबईच्या टीमचं म्हणणं योग्य आहे. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे रुग्णाच्या शरीरात एचएलए अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी, तयार होऊ शकतात. त्या आजच्या किडनीला त्रासदायक ठरतात आणि पुढे कधी दुसरी लागली तर जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. फिल्टर लावलेल्या रक्ताने धोका कमी होतो, संपत नाही. छातीत दुखणं, बसल्या जागी दम, चक्कर, काळी शौच असं काही झालं तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. तेव्हा जीव आधी.

एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन पुन्हा सुरू करावं का, असं कुणी सुचवेल. देता येतं, पण कारण कळल्यावर, आणि हिमोग्लोबिन किती वर न्यायचं ते ठरवून. २००६ चे चॉइर आणि क्रिएट आणि २००९ चा ट्रीट हे मोठे अभ्यास प्रत्यारोपण न झालेल्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरचे होते. हिमोग्लोबिन नॉर्मलपर्यंत नेऊन त्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही, आणि ट्रीटमध्ये पक्षाघात जवळपास दुप्पट झाले. प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरच्या २०१२ च्या फ्रेंच अभ्यासात १३ ते १५ ठेवलेल्यांची किडनी अधिक टिकलेली दिसली, पण तो लहान होता. शरीराला एरिथ्रोपोएटिन बनवायला लावणाऱ्या डेसिडुस्टॅटच्या गोळ्या २०२२ पासून आपल्याकडे मिळतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत त्यांचा अनुभव कमी आहे, दुकानातून आणून सुरू करू नका.

आईंना सांगा, क्रिएटिनिन १.३ आहे म्हणजे त्यांची किडनी आपलं काम चोख करतेय.

सातपूरची वहिनी

खाण्याचं मी सांगते. बीट, खजूर, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असतं. टॅक्रोलिमस, सेप्ट्रान आणि टेल्मिसार्टन ही तिन्ही पोटॅशियम वाढवतात, म्हणून पोटॅशियमचा रिपोर्ट बघूनच ठरवा. बिटात लोह तसंही फार नसतं. गूळ-खजूर देण्याआधी साखर तपासा, स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसने मधुमेह सुरू होऊ शकतो. मटकी शिजवूनच द्या, कच्चे मोड नकोत. पपनस आणि ग्रेपफ्रूट अजिबात नाही, टॅक्रोलिमसची पातळी चढते. बागेतली द्राक्षं चालतील, पण नीट धुऊन. जेवणाला लागून चहा नको.

आणि छाटणीला त्यांनी शेडमध्ये बसून देखरेख करावी. फवारणी, शेणखत, माती उकरणं यांपासून लांबच. आमच्याकडे हे पटवायला मला फार भांडावं लागलं.

लॅबमधून

रेटिकसाठी नेहमीच्या सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलंच रक्त चालतं, वेगळी सुई नको. पार्वोची पीसीआर नाशिकमधली बरीच कलेक्शन सेंटर मुंबईला पाठवतात, रिपोर्टला काही दिवस लागतात. देताना ‘पीसीआर’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर चुकून अँटिबॉडीची तपासणी होते. घरात कुणी गरोदर असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच कल्पना द्या. हा विषाणू लहान मुलांत सौम्य तापपुरळ आणून जातो, पण गर्भाला धोका असतो.

इंदिरानगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. रेटिक ०.२ टक्के आला. पीसीआर पॉझिटिव्ह. रिपोर्ट पाठवल्यावर मुंबईच्या टीमने तारीख अलीकडे आणली, मायकोफेनोलेटचा डोस त्यांनी कमी केलाय आणि इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी) द्यायचं ठरलंय. पोटॅशियम ५.४ निघालं, त्यामुळे बीट आणि खजूर बंद. माझ्या वहिनीला दिवस नाहीत, पण शेजारच्या सुनेला आहेत, त्यांना सांगून ठेवलं. आईला डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं, तिने क्रिएटिनिनचा आकडा कागदावर लिहून घेतला.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इम्युनोग्लोब्युलिन नाशिकमध्ये घेतलं तर किडनीच्या दृष्टीने काय बघायचं? आणि हा आजार उलटतो का?

फिजिशियन, नाशिकरोड

साखर, म्हणजे सुक्रोज घातलेलं उत्पादन टाळा, त्याने किडनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ड्रिप हळू, शरीरात पाणी पुरेसं, आणि त्या दिवसांत क्रिएटिनिन व लघवीचं प्रमाण रोज बघायचं. उलटू शकतो, हो. म्हणून हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढचे काही महिने सीबीसीसोबत रेटिक करत राहा. हिमोग्लोबिन उतरायच्या आधी रेटिक पडतो, त्यामुळे वेळ हाताशी राहतो.

सातपूरची वहिनी

मिस्टरांचा एकदा उलटला होता, दुसऱ्या वेळच्या इम्युनोग्लोब्युलिनने सावरले. खर्च मोठा आहे, ॲडमिट होण्याआधी विमा कंपनीची लेखी मंजुरी घ्या. व्यनि करते, आम्ही कोणते कागद लावले ते सांगते.