कऱ्हाडातला जुना वाडा घ्यावा का? ‘डोळे झाकून घ्या’ला उत्तर

पागोळी
‘कऱ्हाडात सोमवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाडा मिळाला तर डोळे झाकून घ्या. बांधकामाची किंमत शून्य, जागेचा भाव द्या, पाडून तीन मजले उठवा. भाडेकरू पन्नास रुपयेवाले, जातील.’ असा सल्ला या फोरमवर काल कुणीतरी दिला. वाचून राग आला, कारण असं ऐकून लोक आयुष्याची पुंजी घालतात.

18 फूट तोंड, 100 फूट खोली असा पट्टा धरा. 1800 चौरस फूट. समोरचा बोळ 4 मीटरचा आणि विकास आराखड्यात तो 9 मीटर दाखवला असेल, तर रुंदीकरण दोन्ही बाजूंनी सारखं धरलं तरी तुमच्याकडून अडीच मीटर जाणार, म्हणजे जवळजवळ 150 चौरस फूट. गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते. साडेपाच मीटर रुंदीतून कॉलम आणि जिना वजा केला की गाड्या एकामागे एक. मागची काढायला पुढची हलवा. असा फ्लॅट कोण घेणार?

दोनचौकी
मुद्दा अर्धाच मांडलात. दाट वस्तीला मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) बाहेरच्या भागापेक्षा जास्त असतो, रस्त्यात गेलेल्या जागेचाही मोबदला एफएसआयमध्ये घेता येतो. शेजारचा पट्टा जोडून एकत्रीकरण केलं की 36 फूट तोंड मिळतं. पट्टा एकटा विकत घेणाराच फसतो.

तळखडा
शेजारचा जोडायचा म्हणता, आधी सामाईक भिंत बघा. पांढऱ्या मातीच्या भिंतीत दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या असतात. तुमची बाजू उतरवली की शेजाऱ्याचा कडीपाट (लाकडी छत) लटकतो. आधी टेकू, मग वरून खाली एकेक खण (दोन तुळयांमधला भाग) उतरवायचा. जेसीबी लावला तर भिंत पावसाळ्यात बसणारच. आणि मातीवर सिमेंटचा गिलावा असेल तर आत ओल कोंडून खांबाचा बूड कुजलेला असतो. वरून सागवान शाबूत दिसतं, म्हणून तळखड्याजवळ (खांबाखालच्या दगडाजवळ) टोच्या मारून बघा.

खरेदीखत
हे सगळं नंतर. भाडेकरू ‘जातील’ हे वाक्य सर्वांत घातक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 16 खाली पाडकामासाठी ताबा मागायचा तर नकाशे मंजूर हवेत, हाती पैसा हवा, आणि नव्या इमारतीतले गाळे संख्येने आधीच्यापेक्षा कमी चालत नाहीत, शिवाय प्रत्येक भाडेकरूला जवळजवळ आधीइतकंच क्षेत्र द्यावं लागतं. मूळ भाडेकरू वारला, तरी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळू शकतो.

दोनचौकी
म्हणजे मालकानं 80 रुपये भाड्यावर कौलं बदलत बसायचं? दुरुस्ती त्याची, घरपट्टी त्याची. याला न्याय म्हणत नाहीत.

पागोळी
आणि ज्यांनी पागडी (जागा घेताना दिलेली एकरकमी रक्कम) मोजली, त्यांना रस्त्यावर काढायचं? भाडेकरूला चोर ठरवून भाव काढू नका!

दोनचौकी
चोर कोण म्हणालं? कायदा मालकाला दुरुस्ती करायला लावतो आणि भाडं फारसं वाढू देत नाही, एवढंच म्हणतोय.

खरेदीखत
भांडण तुमचं खरं आहे, पण घेणाऱ्यानं त्यात उतरू नये. प्रत्येक भाडेकरूशी नोंदणीकृत करार: किती चौरस फूट, कुठल्या मजल्यावर, बांधकाम होईतो पर्यायी भाडं किती. ते क्षेत्र वजा करून उरेल त्यावर भाव ठरवा.

वारसांचंही तसंच. मालमत्ता पत्रकावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर मुलींसकट सगळ्यांची वारस नोंद, आणि जो हक्क सोडतो त्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. कुलमुखत्यारपत्र देणारा मेला की ते सहसा संपतं. 30 वर्षांचा सूची क्रमांक 2 चा (नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या यादीचा) शोध घ्या. एका भावाचा अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा घेतलात तर राहत्या घरात परक्याला संयुक्त ताबा मागता येत नाही, उलट बाकीचे तो हिस्सा विकत घेण्याची मागणी करू शकतात.

दोनचौकी
बरं, एकत्रीकरणाचं माझं म्हणणं कायम आहे. पण भाडेकरूंचं क्षेत्र वजा केल्याशिवाय भाव सांगू नये, एवढं मान्य.

तळखडा
पूररेषेचा विषय कुणीच काढला नाही. कृष्णा-कोयनेच्या काठचा वाडा असेल तर निळी रेषा 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या. इसार देण्याआधी नगरपालिकेतून झोन दाखला आणि पूररेषेचा नकाशा काढा.