मदत हवी आहे : गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन लेचवर्थ स्टेट पार्क, एका दिवसात

साताऱ्याहून आलेल्या आईबाबांना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातला लेचवर्थ स्टेट पार्क दाखवायचा विचार आहे. आम्ही रॉचेस्टरला राहत असल्याने गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. सकाळी निघून अंधार पडायच्या आत परतायचे आहे. बरोबर आम्ही दोघे आणि तीन वर्षांची मुलगी.

खरी अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ती अर्धा तास सहज चालते, चढही सावकाश चढते; उतरताना मात्र कठडा धरून, अंग तिरके करून, एकेका पायरीवर दोन्ही पावले टेकवत उतरते. मागच्या खेपेस एका धबधब्याला गेलो तेव्हा पार्किंगपासूनच पायऱ्या लागल्या आणि "मी बसते गाडीत, तुम्ही या जाऊन" म्हणत तिने दीड तास गाडीतच काढला. परत आल्यावर आम्ही तिला धबधबा मोबाइलवर दाखवला, त्याची मला अजून लाज वाटते.

याच कारणाने वॉटकिन्स ग्लेन हे याच राज्यातले धबधब्यांचे दुसरे पार्क आधीच बाद केले. दीड मैलाच्या वाटेवर 19 धबधबे असले, तरी 800हून अधिक दगडी पायऱ्या आईला झेपणाऱ्या नाहीत. लेचवर्थमध्ये जेनेसी नदीचे तीन मुख्य धबधबे असून त्यांपैकी 107 फूट उंचीचा मधला धबधबा पार्किंगपासून जवळच्या कठड्यावरून दिसतो, असे समजले. तो कठडा आणि पार्किंग यांच्यामध्ये चार-पाच का होईना, पायऱ्या आहेत का, की चाकांची खुर्ची नेता येईल असा उतार आहे? इन्स्पिरेशन पॉइंटवरून मधला व वरचा धबधबा आणि मागचा रेल्वेपूल एकत्र दिसतात. तिथे बसायला बाक आहेत का, हेही प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे.

बाबांचे वेगळेच आहे. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केल्यामुळे त्यांना धबधब्यापेक्षा 2017 साली सुरू झालेल्या त्या पोलादी कमानी पुलावरून जाणारी मालगाडी पाहण्यात अधिक रस आहे. गाडीची वेळ सांगणे अवघड असेल, पण दिवसभरात एखादी दिसण्याची आशा धरावी का? खालच्या धबधब्याच्या 127 पायऱ्या उतरून दगडी पुलापर्यंत जायचा त्यांचा हट्ट आहे. ते आणि मी जाऊन येईपर्यंत आई, सौ. आणि मुलगी यांना थांबण्यासारखी, स्वच्छतागृह जवळ असलेली जागा कोणती?

पार्क सुमारे 17 मैल लांब असून धबधबे दक्षिण टोकाला आहेत. उत्तरेकडून माउंट मॉरिसला आत शिरून दरीच्या कडेकडेने जावे, तर वाटेत थांबत थांबत आईचा उत्साह आणि मुलीची झोप, दोन्हींचा विचका व्हायचा. म्हणून थेट दक्षिणेच्या प्रवेशद्वाराने शिरून आधी धबधबे, मग थालीपीठ आणि दहीभाताचा डबा, आणि परतताना गाडीतूनच दरी पाहावी, असे मी योजले आहे. यात काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

पानगळीचे रंग पाहायला शनिवार-रविवारी फार गर्दी होते, असे ऐकतो. पार्किंग लांब मिळून आईचे त्या दिवसाचे सगळे चालणे तिथेच संपणार असेल, तर मी बुधवारची सुट्टी काढू शकतो. फक्त ती पुढच्या सोमवारपर्यंत कामावर कळवावी लागेल.