५५ टक्के, ११ टक्के की ९.१६? माझा रिटर्न नक्की धरायचा तरी कुठला

काठावर_पास
मंडळी डोकं चालेना म्हणून विचारतोय. पाच वर्षांपूर्वी एका फंडात एकरकमी ८०,००० टाकले होते, आज त्याचे १,२४,००० दिसतायत. नफा ४४,००० झाला इथपर्यंत मलाही कळतं. ज्याने तो फंड गळ्यात मारला तो एजंट म्हणतो ५५ टक्के झाले, भागिले पाच, वर्षाला ११ टक्के, अजून काय पाहिजे. अ‍ॅप मात्र ९.१६ दाखवतंय.
बरं दुसरीकडे मागच्या वर्षी दर महिन्याला ५,००० टाकले, वर्षभरात ६०,००० चे ६३,००० झाले, हे तर सरळसरळ ५ टक्के ना? तर तिथे तेच अ‍ॅप ९.४ म्हणतंय! एका ठिकाणी माझ्या हिशोबापेक्षा कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ दुप्पट. अ‍ॅप गंडलंय का मी?

टक्केटोणपे
अ‍ॅप बरोबर आहे. तुम्हीही फार चुकला नाहीत, फक्त वेळ धरायला विसरलात.
५५ टक्के हा एकूण परतावा, नफा भागिले मुद्दल गुणिले १००, त्यात चूक काहीच नाही पण ते ५५ पाच वर्षांत झाले का पंधरा वर्षांत हे त्यातून कळतच नाही. आणि पाचने भागणं हा खरा घोळ, कारण दुसऱ्या वर्षी वाढ ८०,००० वर होत नाही, पहिल्या वर्षीच्या वाढीसकट जी रक्कम झाली तिच्यावर होते. स्वतःच करून बघा, ८०,००० ला १.११ ने पाच वेळा गुणा. १,३४,८०० च्या पुढे जातं. तुमच्याकडे तेवढे आहेत का? नाहीत ना, मग ११ कसले.
उलटं करायचं. १,२४,००० भागिले ८०,००० म्हणजे १.५५. आता अशी कुठली संख्या जी पाच वेळा गुणली की १.५५ येईल? फोन आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घाताचं बटण येतं, १.५५ चा ०.२ घात काढा (१ भागिले ५ म्हणून ०.२). १.०९१६ येईल, त्यातून १ वजा, झाले ९.१६ टक्के. यालाच सीएजीआर (चक्रवाढीने धरलेला वार्षिक वाढीचा दर) म्हणतात, नाव उगाच मोठं आहे.

शीटवाला
महिन्याच्या हप्त्यांचं मी सांगतो. अहो तुमचे ६०,००० वर्षभर कामाला होतेच कुठे? पहिला ५,००० चा हप्ता १२ महिने होता, शेवटचा फक्त एकच महिना. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता साडेसहा महिने राबला, म्हणजे वर्षभर राबलेले पैसे धरले तर साधारण ३२,५००. त्यावर ३,००० मिळाले, सव्वानऊच्या आसपास. चक्रवाढ धरली की अ‍ॅपचा ९.४ येतो.
स्वतः तपासायचं तर एक्सेलमध्ये एक्सआयआरआर वापरा, वेगवेगळ्या तारखांना टाकलेल्या-काढलेल्या पैशांवरून वर्षाचा परतावा काढणारा फॉर्म्युला आहे तो. एका रांगेत तारखा, शेजारी रकमा. खिशातून गेलेले पैसे वजा चिन्हाने, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख टाकून आजची किंमत अधिक चिन्हाने. सगळ्याच रकमा अधिक टाकल्या तर एरर येतो, मी पहिल्यांदा अर्धा तास त्यातच घालवला होता आणि वर फॉर्म्युल्यालाच शिव्या दिल्या होत्या.
फक्त वर्षाच्या आतल्या पैशाला हे लावून हुरळून जाऊ नका. २ महिन्यांत ४ टक्के मिळाले तर एक्सआयआरआर २६ च्या वर दाखवेल, कारण तो असंच वर्षभर चालू राहील असं धरून चालतो. ते चालू राहतं का, हे सगळ्यांना माहितीये 😄

कोपऱ्यातला
यात अजून एक फसवी गोष्ट, सरासरी. एका वर्षी अधिक ५०, पुढच्या वर्षी वजा ५०, सरासरी शून्य म्हणून माणूस निवांत. प्रत्यक्षात १०० चे १५० आणि १५० चे ७५. २५ टक्के खड्ड्यात. ४० टक्के पडलेलं परत जागेवर यायला ४० नाही, ६६ टक्क्यांहून जास्त वर जावं लागतं. म्हणून जाहिरातीत "सरासरी वार्षिक परतावा" दिसला की मी आधी सुरुवातीची आणि शेवटची रक्कम मागतो, टक्के नंतर.
आणि @काठावर_पास, मध्ये कधी लाभांश वगैरे काढलात का?

काठावर_पास
हो की! तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ६,००० खात्यात आले होते, ते खर्चूनही टाकले. ते धरायचे??

शीटवाला
धरायचे म्हणजे काय, तुमचेच पैसे ना ते. तीन ओळी करा, सुरुवातीला वजा ८०,०००, तीन वर्षांनी अधिक ६,०००, पाच वर्षांनी अधिक १,२४,०००. साधारण १०.४ येईल. अ‍ॅपला खात्यात गेलेले पैसे दिसत नसतील म्हणून ९.१६.

टक्केटोणपे
आता एजंटला हे सांगू नका, तो ६२.५ भागिले पाच करून १२.५ म्हणायला लागेल.

कोपऱ्यातला
आणि त्या १०.४ मधून महागाई सरळ वजा करू नका, भागा. ६ टक्के महागाई धरली तर १.१०४ भागिले १.०६, म्हणजे खरी वाढ ४.१५ च्या आसपास. कर अजून धरलेलाच नाही.

काठावर_पास
केलं शीटमध्ये, १०.४ आलं! आधी एरर आला, वजा चिन्ह विसरलो होतो. आता जुन्या सगळ्या पावत्या काढून बसलोय, दोन ठिकाणच्या तारखाच सापडत नाहीयेत.