घर बदलल्यावर सशाचे पोट आणि ट्रेमध्ये शी-शू करण्याची सवय दोन्ही बिघडली – मदत हवी आहे
नाशिकहून पुण्यात राहायला आल्यापासून आमच्या सशाच्या (नर, वय 3 वर्षे, नसबंदी झालेली) लेंड्या बारीक व कोरड्या झाल्या आहेत आणि सकाळी फरशीवर मऊ, चकचकीत, काळ्या द्राक्षांच्या घोसासारखे विष्ठेचे पुंजके चिकटलेले आढळतात, जे तो एरवी स्वतःच खाऊन टाकत असे. लघवी तो सोफ्यामागच्या कोपऱ्यात करतो. ट्रेमध्ये मात्र नुसता बसून राहतो.

खाणेपिणे व्यवस्थित आहे, जुलाब नाहीत. लेंड्या 12 तास बंद राहिल्या तर दवाखाना गाठायचा, हे ठाऊक आहे. पशुवैद्यांना पोटात वा दातांत दोष आढळला नाही, परंतु त्यांच्याकडे मुख्यतः कुत्री-मांजरेच येतात. ट्रे जुनाच आहे, पेलेट्स (दाणेदार तयार खाद्य) निम्मे केले, कोपरा व्हिनेगरच्या पाण्याने पुसला, फरक नाही. बदल झाला तो गवतात: टिमथी (सशांना देतात ते वाळलेले गवत) मिळेना म्हणून सध्या लसूणघास चालू आहे, आणि त्यात प्रथिने व कॅल्शियम अधिक असल्याने माझा संशय त्यावरच आहे. शेजारच्या बांधकामाचा आवाजही दिवसभर असतो.

टिमथी आता मिळाले आहे, तर लसूणघास एकदम थांबवावा की हळूहळू? आणि ट्रे त्या कोपऱ्यातच हलवावा, की सशाला काही काळ लहान जागेत ठेवून सवय नव्याने लावावी?