मदत हवी आहे : ६५ पूर्ण झाल्यावर निराधारचं मानधन बंद, श्रावणबाळसाठी नवा अर्ज लागतो का?

माझ्या आत्याला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळायचे. ती विधवा आहे, लातूर जिल्ह्यात राहते. तिला ६५ पूर्ण झाली आणि पैसे यायचे थांबले. या वयानंतर श्रावणबाळ योजना (वृद्धांसाठीची निवृत्तिवेतन योजना) लागू होते, हे माहीत आहे. प्रश्न पुढचा आहे.

बँकेत पाहिलं, खातं आधारला जोडलेलं आहे, डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्याची सोय) सुरू आहे. हयातीचा दाखला मुदतीत दिलाय. तहसीलच्या निराधार शाखेत तोंडी सांगतात, "नाव श्रावणबाळमध्ये वर्ग होईल, थांबा." सेतूवाला म्हणतो, नव्याने फाईल करा, वर्षाला २१,००० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाचा ताजा दाखला आणा. तलाठी मात्र तिच्या मुलाची मजुरीही तिच्या उत्पन्नात धरतात आणि दाखला द्यायला तयार नाहीत. मुलगा विवाहित आहे, रेशनकार्ड वेगळं, घरही वेगळं. आत्याचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही, त्यामुळे दाखल्याशिवाय गत्यंतर नाही. तिची बीपीची गोळी याच पैशातून यायची, म्हणून घाई आहे. एजंटला पैसे देणार नाही, कृपया तो मार्ग सुचवू नका.

तहसीलमध्ये काम केलेल्या किंवा हे प्रकरण पार पाडलेल्या कुणी सांगावं : विभक्त मुलाचं उत्पन्न आईच्या दाखल्यात धरतात का, नसेल तर कोणता शासन निर्णय दाखवायचा? नाव वर्ग करायला लेखी अर्ज पुरतो की पुन्हा योजनेच्या तालुका समितीची मंजुरी लागते? मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते का? आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या कामाला मुदत ठरलेली आहे का, म्हणजे ती उलटल्यावर पहिलं अपील करता येईल?