प्राण्यांसाठी लढताना कशाने काम झालं, कशाने बिघडलं?

कपाट आवरताना माझं जुनं पोस्टर सापडलं. गाढवाच्या पाठीवरची चिघळलेली जखम, खाली लाल अक्षरांत 'लाज वाटू द्या'. ते धरून तीन दिवस चौकात उभी होते. लोक मान फिरवून जायचे. चौथ्या दिवशी गाढववाल्याशीच बोलले. त्याला वाटायचं, ओझं म्हटलं की जखम होणारच. डॉक्टरांनी दाखवलं, खोगिराची शिवण एकाच जागी घासत होती. आत जाड घडी घातली, पंधरा दिवस ओझं बंद. तेवढ्या दिवसांची मजुरी आम्ही वर्गणी काढून दिली. जखम भरली. तुमचेही अनुभव लिहा, फसलेले आधी.

---

मजुरीचं सुचलं हे फार मोठं. आम्ही नुसती तक्रार केली. घोडा सोडवला, पण ठेवायला जागाच नाही. पुढे त्याचं काय झालं कळलं नाही. अजून आठवतो.

---

माझ्यावर मात्र फोटोनेच परिणाम झाला. पण त्याखाली कुणाला फोन करायचा ते लिहिलं होतं. नाहीतर मीही रडून पुढे गेले असते.

---

बस येईल, पटकन लिहितो. हेन्री स्पिरा, अमेरिकेतला प्राणिहक्क कार्यकर्ता. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या मांजरांवरच्या प्रयोगांविरुद्ध उभा राहिला. सगळं बंद करा नाही, हे एवढं बंद करा. झालं बंद. मग सौंदर्यप्रसाधनांसाठी सशांच्या डोळ्यांत रसायनं घालायची चाचणी. रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीशी आधी बोलणी, दाद मिळेना तेव्हा 1980 मध्ये पानभर जाहिरात. मागणी काय, तर पर्याय शोधायला पैसे द्या. कंपनीने 7,50,000 डॉलर दिले.

---

आणि प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनं विकायला युरोपीय संघात पूर्ण बंदी आली 2013 मध्ये. मधल्या 33 वर्षांतले ससे डोळ्यांसमोरून जात नाहीत.

---

सशांवरून विचारते, आमचा कालपासून काही खात नाहीये. थांबून बघू का?

---

नको ताई! ससा दहा-बारा तास खाल्ल्याशिवाय राहिला की आतडं मंदावतं, जिवावर बेतू शकतं. आत्ता डॉक्टरकडे न्या.

---

निघाले.

---

दादा, ते स्पिराचं आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. आम्ही एका पत्रात अकरा मागण्या लिहिल्या होत्या. उत्तरच आलं नाही.

---

ताई, ससा कसा आहे?