मदत हवी आहे: लॉनमध्ये गोल वाळके चट्टे, बुरशी आहे की हुमणी?

नमस्कार.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मधल्या चौकात साधारण तीनशे चौरस मीटरचे लॉन आहे. गवत मेक्सिकन असून, मूळच्या काळ्या मातीवर लाल मातीचा थर देऊन ते लावलेले आहे. गणपतीपर्यंत हिरवळ उत्तम होती. पाऊस उघडून रात्री गार होऊ लागल्यापासून मात्र तिच्यात गोल चट्टे पडू लागले आहेत. सुरुवातीला बशीएवढे असलेले हे चट्टे आता परातीएवढे झाले असून, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून त्यांचा आकार वेडावाकडा झाला आहे. मधला भाग पेंढ्याच्या रंगाचा, तर कडेला दोन-तीन बोटे रुंदीचा तांबूस-नारिंगी पट्टा दिसतो. इमारतीच्या सावलीत, जिथे दव उशिरापर्यंत सुकत नाही, तिथे हा प्रकार जास्त आहे. उन्हाच्या बाजूला जवळजवळ नाही.

एका रोपवाटिकेत हुमणी (मातीत राहून मुळे खाणारी अळी) असल्याचे सांगून कीटकनाशक सुचवले, तर दुसरीकडे कार्बेन्डाझिम व मॅन्कोझेबचे मिश्र बुरशीनाशक फवारण्यास सांगितले. माळीकाकांच्या मते पाणी कमी पडते आहे. चौकात संध्याकाळी लहान मुले खेळतात, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय काहीही फवारण्याची आमची तयारी नाही. रोग नेमका कसा ओळखावा, त्यावर काय द्यावे आणि वाळलेल्या जागी गवत पुन्हा येईल की नवीन लावावे लागेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण घाई केली नाही हे उत्तम झाले. चट्टा पाहायचा तो कडेला, कारण मधले गवत मेलेले असते आणि रोग जिवंत असतो तो हिरवे व वाळके जिथे भेटते तिथे.

प्रथम हुमणीचा संशय फेडून घ्या. कडेचे गवत मुठीत धरून वर ओढा. हुमणीने मुळे खाल्ली असतील तर अख्खा थर सतरंजीसारखा सुटून येतो आणि खाली तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतात. साळुंक्या आणि कावळे तिथे सतत माती उकरत असतील तर तीही खूण समजावी. मुळे घट्ट राहून फक्त पाती बुंध्यापासून अलगद सुटत असतील, तर मात्र बुरशीकडे वळावे. सुटलेल्या पात्याचे खालचे टोक तपकिरी व कुजल्यासारखे असेल, तर रायझोक्टोनिया ही बुरशी असण्याचा संभव सर्वांत जास्त. मेक्सिकन म्हणून मिळणारे गवत बहुधा झोयशिया वर्गातले असते आणि त्या गवतावर ही बुरशी पात्यावर ठिपके पाडण्यापेक्षा बुंधाच कुजवते.

दुसरी तपासणी पहाटे, दव असताना करावी. कापसासारखा पांढरा थर, त्याखाली तेलकट, काळपट आणि पाण्यात भिजल्यासारखी पाती, आणि पाणी वाहते त्या रेषेने सरकणारा रोग असेल, तर तो पिथियम या बुरशीसारख्या जीवाचा रोग होय. हे वेगळे काढणे महत्त्वाचे आहे, कारण पिथियम ही खरी बुरशी नाही आणि तिच्यावर कार्बेन्डाझिम अजिबात चालत नाही. तिथे मेटॅलॅक्झिलसारखे औषध लागते. ‘सगळ्यावर चालते’ म्हणून एकच पुडी हाती देणाऱ्या दुकानदाराचा सल्ला मी म्हणूनच मानत नाही. तांबेरा असेल तर पांढरा रुमाल गवतावरून फिरवताच त्याला नारिंगी भुकटी लागते. नाण्याएवढे सुटे ठिपके हा आणखी वेगळा रोग. परातीएवढ्या चट्ट्यांमुळे आपल्याकडे तो संभवत नाही.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले. मुळे घट्ट आहेत, अळी कुठेही मिळाली नाही. पाती मात्र हलक्या हाताने ओढली तरी सुटतात आणि त्यांचे खालचे टोक गडद तपकिरी आहे. पहाटे कापसासारखे काही दिसले नाही, रुमालही स्वच्छ राहिला. गणपतीनंतर गवताला युरिया दिला होता, स्प्रिंकलर संध्याकाळी सुरू होतात आणि मातीवर वाळक्या काड्यांचा जवळजवळ दोन बोटे जाड थर साचला आहे.

प्रतिसाद २

मग रायझोक्टोनियाच धरून चला. फवारणीपूर्वी चट्ट्याच्या कडेचा, निम्मे हिरवे व निम्मे रोगट गवत असलेला मुळांसकट तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवता आला तर अधिक चांगले. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो सडून जाईल.

औषधाइतकेच महत्त्व पाण्याला आहे. संध्याकाळचे पाणी आजच बंद करून ते पहाटे, रोज थोडे न देता काही दिवसांच्या अंतराने आणि मुळांपर्यंत मुरेल इतके द्यावे, म्हणजे पाती रात्रभर ओली राहणार नाहीत. युरिया थांबवावा, नत्राने आलेली कोवळी, रसरशीत वाढ या बुरशीला फार मानवते. कापणी गवत कोरडे असताना करून रोगट भाग शेवटी कापावा, कापलेले गवत तिथे पडू देऊ नये आणि यंत्राचे पाते धुऊन ठेवावे. काड्यांचा थर विंचरून काढणे आवश्यक आहे, परंतु ते काम उन्हाळ्याच्या तोंडाशी, गवत जोमात वाढत असताना करावे. आता केल्यास जखमी गवतावर रोग पसरेल.

फवारणीसाठी प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी १ मिली किंवा ॲझोक्सिस्ट्रोबिन २३ टक्के एससी १ मिली प्रतिलिटर हे प्रमाण सामान्यतः वापरले जाते. तरी डब्यावरील सूचना आधी वाचाव्यात. द्रावण बुंध्यापर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून शंभर चौरस मीटरला आठ-दहा लिटर पाणी घ्यावे आणि चट्ट्याबाहेरचे हातभर हिरवे गवतही भिजवावे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारायचे झाल्यास दुसऱ्या गटातील औषध घ्यावे, अन्यथा बुरशी त्याच औषधाला सरावते. प्रोपिकोनॅझोलने गवताची वाढ काही काळ मंदावते, तेव्हा घाबरून खत देऊ नये. फवारणारे हातमोजे व मास्क वापरतील असे पाहावे आणि मुलांना व कुत्र्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे जाऊ देऊ नये. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारक ठरणारी उपयुक्त बुरशी) वापरायचा असेल तर तो नंतर, चांगले अंतर ठेवून द्यावा. रासायनिक बुरशीनाशकासोबत दिलेला ट्रायकोडर्मा वाया जातो.

नवीन गवत आणण्याची घाई नको. औषधाने वाळके पाते हिरवे होत नाही; चट्टा वाढायचा थांबला, कडेचा नारिंगी पट्टा नाहीसा झाला, की ते लागू पडले असे समजावे. मुळे जिवंत असल्याने कडेचे धावते फुटवे आत सरकून जागा भरतात, पण मेक्सिकन गवत सावकाश वाढते, थंडीत तर फारच. मार्च-एप्रिलपर्यंत वाट पाहून जी जागा उघडी राहील, तिथे उन्हाच्या बाजूच्या निरोगी गवताचे तुकडे काढून लावावेत.